अक्कांचे 181 दिवस

29 ऑगस्ट 2024 च्या एका सीबॅक फॉर्मवर, म्हणजे आशा घरोघरी जाऊन आजारांच्या धोक्याबद्दल भरते त्या प्रश्नावलीवर, ‘स्तनात गाठ’ या ओळीपुढं ‘नाही’ असं लिहिलेलं आहे. अक्षर आमच्या आशाताईचं आहे आणि तपासल्याची सही माझी. ज्या बाईंचा तो फॉर्म, त्यांच्या हाताला त्या दिवसापर्यंत गाठ लागून वीस दिवस झाले होते.

मी आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे त्यांच्या कामावर देखरेख करते. आमचा भाग बार्शी-भूम-परांडा पट्ट्यातला. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली याच तीन तालुक्यांत सुरू झाली. माणसं गावोगाव हिंडून, पारावर बसून, घराघरांत विचारून नोंदी करत आली. एवढी वर्षं ज्या मातीत कर्करोग मोजला जातोय, तिथं माझ्या सहीखाली एक गाठ ‘नाही’ म्हणून गेली. म्हणून हे प्रकरण तारखांसकट लिहून काढतेय. ज्यांचं आहे त्यांना वाचून दाखवलंय. गावाचं नाव घालायचं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांना मी इथं अक्का म्हणते, बोलावतेही तसंच.

अक्का तेव्हा 46 वर्षांच्या. तीन लेकरं, तिन्ही दीड-दोन वर्षं अंगावर प्यायलेली. तीन एकर कोरडवाहू, दोन म्हशी, घरात सासरे. माहेरी-सासरी कुणाला हा आजार झालेला नाही. 9 ऑगस्टला नागपंचमी होती आणि डोक्यावरून आंघोळ करताना डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला, साबणाचा हात अडला. ‘सुपारीएवढं लागलं,’ त्या सांगतात. तारीख पक्की आठवते ती सणामुळं. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, ताप नव्हता. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं त्यांनी ठरवलं. मला हे सगळ्यात जास्त छळतं, कारण शेतात राबणाऱ्या बाईची आजाराची व्याख्याच मुळात ‘दुखणं’ अशी आहे. आपण आजारपणाला दुखणंच म्हणतो. आणि स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्हीकडं जड होऊन ठणकतं, ते बहुधा शरीराच्या नेहमीच्या चढउतारातलं असतं. एकाच जागी, न दुखता, टणक होऊन बसलेलं आणि पाळी येऊन गेल्यावरही तिथंच राहिलेलं जे असतं, ते दाखवायला हवं.

दुसरी समजूत अशी की तीन लेकरांना पाजलंय, आपल्याला कशाला होईल. पाजल्यानं धोका थोडा कमी होतो हे खरं आहे, पण ते कवच नाही. आणि घराण्यात कुणाला नाही म्हणून आपल्याला नाही, हेही खरं नाही. ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणाला झालेला नसतो. आनुवंशिक जनुकातला दोष साधारण शंभरातल्या पाच ते दहा जणींतच सापडतो.

ओट्यावरचा प्रश्न

आता तो 29 ऑगस्ट. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक भरायचा असतो. बिडी-तंबाखू, कंबरेचा घेर, घरात साखर-बीपी कुणाला, तोंडात न भरणारी जखम, आणि बायकांसाठी छातीचे तीन प्रश्न: गाठ, बोंडातून रक्ताळलेला स्राव, आकारातला बदल. फॉर्म चांगला आहे. आशाताई अक्कांच्या ओट्यावर बसली होती, शेजारी खाटेवर सासरे, दारात दूधवाला. मी नंतर तिला खोदून विचारलं, तेव्हा ती रडली. म्हणाली, ‘ताई, आबांच्या म्होरं मी तसलं कसं इचारू? मीच न्हाई लिवलं.’

तिला बोल लावायला माझी जीभ वळली नाही. मी स्वतः किती वर्षं याच ओट्यांवर बसून हेच केलंय. महिन्याच्या बैठकीत आम्ही विचारतो किती फॉर्म झाले. कुठं बसून झाले, कुणाच्या समोर झाले, हे विचारत नाही. त्या आठवड्यात माझ्याकडं आलेल्या गठ्ठ्यात त्या ओळीपुढं एकही ‘होय’ नव्हता. मी सह्या करत गेले. इतक्या बायकांत एकीच्याही छातीत काही नाही, असं कसं होईल, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. साध्या गाठीसुद्धा त्यापेक्षा जास्त असतात.

अक्कांनी सगळ्यात आधी तोंड उघडलं ते भाऊबीजेला, 3 नोव्हेंबरला, माहेरी. मोजले तर 86 दिवस झाले होते. सांगितलं वहिनीला, आणि तेही चुलीपुढं भाकरी थापताना, तिच्याकडं न बघता. वहिनीनं हात लावून पाहिला आणि म्हणाली, ‘वन्सं, हे दावाय पायजे.’ या साऱ्या गोष्टीत पहिली शहाणी हालचाल तिची. सातवी शिकलेली बाई आहे.

‘छातीत काहीतरी हाय’

8 नोव्हेंबरला मालक त्यांना तालुक्याला एका दवाखान्यात घेऊन गेले. कोणता ते लिहीत नाही, कारण हे कुठंही घडलं असतं. आत मालक बसलेले, कंपाउंडर उभा. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. अक्का म्हणाल्या, ‘छातीत काहीतरी हाय.’

डॉक्टरांनी ईसीजी काढला.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. पण तो कागद अक्कांनी जपून ठेवलाय, घडी घातलेला, गुळगुळीत, वर त्यांचं नाव आणि खाली ‘नॉर्मल’. पट्टी चांगली आली म्हणून गॅसच्या गोळ्या दिल्या. अक्का परत आल्या त्या समाधानानं, कारण मशीननं काही नाही म्हणून सांगितलं होतं.

आमच्याकडं बाई स्तन हा शब्द बोलत नाही. तो पुस्तकातला, पोस्टरवरचा शब्द. तान्ह्या लेकराच्या संदर्भात ‘अंगावर पाजते’ म्हणतात, एरवी सगळं ‘छाती’. आणि छाती म्हटलं की ऐकणाऱ्याला हृदय ऐकू येतं. डॉक्टरांनी एक प्रश्न जास्तीचा विचारला असता, किंवा मालकांना दोन मिनिटं बाहेर बसवलं असतं, तर तो दिवस मोजणीतला शेवटचा ठरला असता. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली स्तनाच्या कर्करोगासाठी जो कार्यक्रम आखला, त्यात एक माप ठेवलंय: बाई पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढली की 60 दिवसांच्या आत निदान झालं पाहिजे. अक्कांच्या बाबतीत 8 नोव्हेंबरपासून रिपोर्ट हातात येईपर्यंत 98 दिवस गेले.

नोव्हेंबरच्या अखेरीला वहिनी स्वतः आली आणि त्यांना दुसरीकडं घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी ब्लाउजवरूनच बोट लावलं, गळू व्हायला लागलंय म्हणून दहा दिवस अँटिबायोटिक दिलं. गळू गरम असतं, ठणकतं, तापतं. हे थंडगार होतं. गोळ्या संपल्या, गाठ तशीच. मग डिसेंबरभर एका ओळखीच्या बाईचा लेप. रोज रात्री लावायचा, सकाळी कोमट पाण्यानं काढायचा. लेपाखालची कातडी काळवंडली आणि आतलं वाढतच होतं. त्यांच्याच शब्दांत, ‘सुपारीचं लिंबू झालं.’

याच महिन्यात मालकांच्या मावसबहिणीनं एक गोष्ट सांगितली. तिच्या गावात एकीला सुई लावली आणि ती सहा महिन्यांत गेली. ‘लोखंड लागलं की पसरतं.’ ही गोष्ट मला प्रत्येक गावात ऐकायला मिळते, फक्त गावाचं नाव बदलतं. त्या बाईला सुई लावली तेव्हाच आजार पुढं गेलेला असतो, म्हणून ती जाते, आणि घरच्यांच्या ध्यानात सुई राहते. सुईनं तुकडा काढून केलेल्या तपासणीनं, म्हणजे बायोप्सीनं, कर्करोग पसरत नाही. उशिरानं मात्र पसरतो. पण ज्या घरात मरण झालंय तिथं हे दोन वाक्यांत सांगून पटत नाही. जी बाई सुई लावून, उपचार घेऊन आज शेतात खुरपतेय तिला समोर बसवावं लागतं.

हळदीकुंकू

22 जानेवारी 2025 ला मी त्या गावात हळदीकुंकवाला गेले. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आम्हाला जेवढं काम करता येतं तेवढं वर्षभरात होत नाही, कारण तेव्हा घरात फक्त बायका असतात आणि पुरुष आपणहून लांब बसतात. वाण लुटून झाल्यावर मी बोलायला उभी राहिले. त्या दिवशी माझ्या तोंडून प्रश्न वेगळा गेला. कसा ते मलाही सांगता येत नाही. बहुधा समोर एक लेकुरवाळी पदराआड बाळ घेऊन बसली होती, तिच्यामुळं. मी म्हणाले, ‘बाळाला पाजायच्या जागी आंघोळीत हाताला काही लागतं का कुणाच्या? काखेत? मणी, खडा, सुपारी?’

कुणी काही बोललं नाही. तिळगुळाच्या वाट्या गोळा झाल्या. मी चपला घालत होते तेव्हा अक्का मागून आल्या, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, ‘सुपारी म्हणालीस न्हवं तू?’

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात त्या आल्या. आमच्या सीएचओ, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी, मॅडम तरुण आहेत, पण हात शांत आहे. खिडकीला चादर बांधली, कडी लावली. आधी बसवून दोन्ही हात वर करायला सांगितलं. हात वर जाताच डाव्या बाजूला कातडी आत ओढली जाऊन एक बारीक खळी पडली. हात खाली, खळी गायब. ती खळी मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मग आडवं करून, हात डोक्याखाली ठेवून, तीन बोटांच्या पेरांनी गळ्याखालच्या हसळीच्या हाडापासून खाली आणि बाजूनं काखेपर्यंत, आधी हलकं, मग जरा दाबून, मग फासळीपर्यंत. अक्कांनी माझा हात धरून स्वतःच त्या जागी नेला. कैरीच्या कोयीसारखं टणक आणि कडा वेड्यावाकड्या. साधी गाठ बोटाखालून सटकते. ही जागची हलत नव्हती. काखेत वाटाण्याएवढी एक वेगळी.

हे हातानं तपासणं काही भाबडं काम नाही. टाटा मेमोरियलनं 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या 1,51,538 बायकांवर याचाच अभ्यास केला. थोडं शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करवली, यंत्र नाही. 2021 साली वीस वर्षांचे निकाल छापून आले. तपासणी झालेल्या गटात पुढच्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यावर, सापडलेल्या बायका 37 टक्के होत्या. ज्यांची तशी तपासणी झाली नाही त्यांच्यात 47 टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं त्या अभ्यासात दिसलं नाही, हेही सांगायलाच हवं, आणि अक्का 46 च्या होत्या. पण अक्कांची गोष्ट चाळणी-तपासणीची, म्हणजे काही लागलेलं नसताना केलेल्या तपासणीची, नाहीच मुळी. त्यांना गाठ आधीच लागलेली होती. फक्त ती ऐकणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर दिवस भराभर गेले. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर ‘बायरॅड्स 5’ असा शेरा, म्हणजे कर्करोगाची दाट शंका. गाठ 3.8 सेंटिमीटर. एका पाहुण्यानं फोनवर सल्ला दिला की इथंच कुठं तरी छोटं ऑपरेशन करून काढून टाका, भानगड मिटली. मॅडमनी ठाम नाही म्हटलं, आणि त्यांचं मी आजही कौतुक करते. सुईची तपासणी न करता गाठ उकरून काढली की आजार कोणत्या जातीचा, काखेत किती, आधी औषध द्यायचं की आधी कापायचं, हे सारं गोंधळून जातं, आणि पुढं दुसरं ऑपरेशन ठरलेलं.

6 फेब्रुवारीला बायोप्सी झाली. मालक बाहेर बाकावर, आत मी. जागा बधिर केली, सोनोग्राफीत बघत सुई घातली, आणि बंदुकीच्या चापासारखा ‘टक्’ आवाज झाला. असा चार-पाच वेळा. दहा मिनिटांत पट्टी लावून झालं. अक्का उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘एवढंच व्हय?’ नागपंचमीपासून तो 181 वा दिवस होता.

पुढचं

रिपोर्ट 14 फेब्रुवारीला आला. कर्करोग, संप्रेरकांना प्रतिसाद देणारा, म्हणजे ईआर-पीआर पॉझिटिव्ह; हर-टू या प्रथिनाची चाचणी निगेटिव्ह. काखेत पोचलेला, त्यापुढं नाही. टप्पा दुसऱ्यातला पुढचा भाग, टू-बी. ऑगस्टमध्ये काय असतं, असं अक्कांच्या लेकानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसले, पण रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, माहेरचं. दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्रानं दाखवलं, तहसीलच्या चकरा झाल्या, नऊ दिवस त्यात गेले. सुरुवातीच्या तपासण्यांसाठी दोन शेळ्या विकल्या. जाण्यायेण्याला एसटीचं बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फार आधार झाला.

3 मार्चला केमोथेरपीचा पहिला डोस. आठ डोस, दर तीन आठवड्यांनी. पहिले चार ‘लाल औषधा’चे. दुसऱ्या डोसाच्या आधी केस गेले. गावाला कळलं नाही, कारण अक्कांच्या डोक्यावर पदर असतोच. त्यांनी स्वतःहून सांगितलं तेव्हा कळलं. उन्हाळ्यात तोंड आलं, भाकरी कुस्करून दुधात खाल्ली. मालकांनी चूल धरली, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण नोव्हेंबरात दवाखान्यात गप्प बसलेला माणूस हाच. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

28 जुलैला शेवटचा डोस झाला. गाठ आखडून सव्वा सेंटिमीटरवर आली होती. ऑपरेशनच्या आधी अक्का डॉक्टरांना म्हणाल्या, ‘सगळंच काढा, जीवाला घोर नको.’ डॉक्टरांनी खुर्ची ओढून समजावलं, की गाठ आणि भोवतालचा भाग काढून नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतलं तर पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं. बायकांना वीस-वीस वर्षं पाहून ते सिद्ध झालेलं आहे, त्याचे निकाल 2002 सालीच आले. अक्कांनी एक रात्र मागून घेतली. सकाळी म्हणाल्या, ‘मग ऱ्हाऊ द्या.’ ऑगस्टच्या शेवटी ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. पंधरा दिवसांच्या लाईटसाठी दिवाळी पार पाडून धर्मशाळेत राहिल्या. आता रोज रात्री टॅमॉक्सिफेनची, म्हणजे संप्रेरकांचा परिणाम अडवणारी, एक गोळी, निदान पाच वर्षं, कदाचित दहा.

डावा हात महिनाभर वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला होता. अक्कांनी भिंतीवर कोळशानं रोजची रेघ मारली. मी गेले तेव्हा सर्वांत वरची रेघ चौकटीच्या वर पोचली होती आणि त्या काठवटीत पीठ मळत होत्या, दोन्ही हातांनी.

भारतात 2022 या एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे 1 लाख 92 हजार नव्या रुग्णांचा आणि सुमारे 98 हजार मृत्यूंचा अंदाज आहे. एवढे आकडे माझ्या डोक्यात मावत नाहीत. 86, 98, 181 हे मावतात.

आता आम्ही सीबॅकचा तो भाग ओट्यावर भरत नाही. न्हाणीच्या आडोशाला, गोठ्यात, विहिरीवर, जिथं बाई एकटी असेल तिथं, आणि शब्द पाजायच्या जागेचे. मागच्या फेरीत त्याच गावात दोघींनी ‘होय’ म्हटलं. दोन्ही गाठी साध्या निघाल्या, एक बोटाखालून सटकणारी. आशाताईनं मला रात्री नऊला फोन करून हे सांगितलं, आणि मी ताटावरून उठून ऐकलं.

अक्कांच्या थोरल्या जाऊबाई 52 वर्षांच्या आहेत. बोंड आत ओढल्यासारखं वाटतं म्हणतात, कधीपासून ते सांगत नाहीत. दोनदा निघायचं ठरलं. एकदा म्हैस व्याली, एकदा सोयरीक आली. येत्या सोमवारी सव्वासहाची गाडी आहे. अक्का म्हणाल्या, ‘तू येऊ नगंस, मी नेते तिला.’